जोडपत्र ‘अ’ आणि गटाराचं झाकण

गटाराला झाकण नाही, असा तक्रारअर्ज पालिकेत दिला तर पोच मिळते. गटाराच्या झाकणांवर गेल्या तीन वर्षांत किती खर्च झाला, असा अर्ज दिला तर झाकण मिळतं.

हा शोध आमच्या गल्लीत लागला. लावणारे गृहस्थ पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात त्यांनी लोकांना ‘फाइल वर गेलीय’ असं सांगण्यात घालवली, त्यामुळे वर गेलेली फाइल प्रत्यक्षात कुठल्या कपाटावर, कुठल्या बंद पंख्याखाली पडलेली असते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? गल्ली त्यांना भाऊसाहेब म्हणते. पालिकेतही भाऊसाहेबच म्हणतात, फक्त तिथे म्हणणाऱ्याचा आवाज जरा पडलेला असतो.

कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण गेलं तेव्हा गल्लीने रिवाजाप्रमाणे आधी सगळं करून पाहिलं. भोकात बाभळीची फांदी खोचली, फांदीला लाल फडकं बांधलं. नगरसेवकांना सांगितलं. त्यांनी ‘बघतो’ म्हटलं आणि खरोखरच येऊन बघून गेले. तक्रारअर्ज दिला, पोच घेतली, पोच फ्रिजवर लावली. शेवटी शाळेच्या रिक्षाचं चाक अडकलं आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत देश कुठे चालला आहे याची चर्चा झाली. भाऊसाहेब त्या चर्चेत नव्हते. ते सकाळी उठून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प घेऊन आले आणि जोडपत्र ‘अ’, म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, भरायला बसले.

मागणी चारच गोष्टींची. गेल्या तीन आर्थिक वर्षांत खरेदी केलेल्या झाकणांच्या बिलांच्या प्रती. ती कुठे कुठे बसवली त्याची यादी. आमच्या कोपऱ्यावरच्या झाकणाची मोजमाप पुस्तिकेतली नोंद. आणि चौथी, खरी मात्रा: अमुक तारखेच्या माझ्या तक्रारअर्जावर कोणत्या दिवशी काय कार्यवाही झाली, तो कोणाच्या टेबलावर किती दिवस होता, त्या कर्मचाऱ्यांची नावं व हुद्दे.

कायद्याने माहिती द्यायला ३० दिवस आहेत. झाकण आठवड्याच्या आत आलं. सकाळी पावणेआठला हातगाडीवरून दोन माणसं घेऊन आली, वर पिवळा रंग इतका ताजा की एका कुत्र्याचा पाय त्यात उमटला. पाठोपाठ दुपारी पालिकेचे एक लिपिक स्कूटरवरून आले.

‘‘भाऊसाहेब, बसलं ना झाकण?’’

‘‘बसलं.’’

‘‘मग एवढी एक सही करा. ‘माझे समाधान झाले असून माहितीची आवश्यकता नाही.’ मजकूर टाइप करूनच आणलाय.’’

‘‘झाकण हे काम झालं. माहिती कुठाय?’’

‘‘अहो, आता झाकण आहे म्हटल्यावर माहिती कशाला?’’

‘‘आता झाकण आहे. त्याआधी तीन वर्षं कागदावर कुठलं होतं, तेवढंच बघायचंय.’’

लिपिकांनी पाणी मागितलं.

हे आमच्याच गल्लीत घडतं असं नाही. दिल्लीतल्या एका रोजंदारी मजुराची हकिगत या क्षेत्रातले लोक पुन्हा पुन्हा सांगतात. २००४ सालची, म्हणजे केंद्राच्या कायद्याच्याही आधीची. दिल्लीचा स्वतःचा कायदा तेव्हा होता. याचं रेशनकार्ड हरवलं. दुसऱ्या कार्डासाठी अर्ज करून तीन महिने खेटे घातले, शिपायानेही विचारलं नाही. मग कुणाच्या तरी मदतीने त्याने दुसरा अर्ज दिला: माझ्या पहिल्या अर्जावर रोज काय झालं ते सांगा, ज्यांनी काही केलं नाही त्या अधिकाऱ्यांची नावं सांगा. आठवड्याच्या आत पुरवठा खात्याचा माणूस त्याच्या दारात. कार्ड तयार आहे, घेऊन जा. कार्यालयात गेला तर साहेबांनी चहा पाजला आणि तेवढा तो माहितीचा अर्ज मागे घ्या म्हणाले. आमच्या लिपिकांनी आणलेला टाइप केलेला कागद आणि दिल्लीतला तो चहा यांत मला काही फरक दिसत नाही. सरकारी कार्यालयाला काम करण्याचं भय नसतं. न केलेलं काम कुणाच्या टेबलावर पडून होतं हे लिहून देण्याचं असतं. त्यापेक्षा काम करणं परवडतं.

म्हणून मी ठामपणे म्हणतो की माहितीचा अधिकार हा मुळात दुरुस्तीचा कायदा आहे आणि माहिती हे त्याचं जोडउत्पादन.

कायदा देशभर लागू झाला १२ ऑक्टोबर २००५ ला. त्या दिवशी दसरा होता. पहिला अर्ज पुण्यात पडला, तोही पोलीस ठाण्यात. पुणेकरांचं सीमोल्लंघन हे असं असतं. अर्थात त्याआधी राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाया भरवून गावातल्या कामांचे हिशेब भर चौकात वाचून दाखवले होते. मजुरीच्या यादीत मेलेल्या माणसांची नावं निघत, न बांधलेल्या इमारतींची बिलं निघत, आणि ज्यांच्या नावाने पैसे उचलले ते समोर बसून ऐकत. १९९६ साली ब्यावरला ४० दिवसांचं धरणं झालं. गोव्याने १९९७ सालीच स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्रात अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनानंतर राज्याचा कायदा आला. इंग्रजांनी १९२३ साली करून ठेवलेला गुपितांचा कायदा तेव्हाही होता, आजही आहे, पण गटाराचं झाकण हे गुपित आहे असं अजून तरी कुणी लेखी म्हटलेलं नाही. तोंडी म्हणतात.

आता अर्ज कसा लिहावा. ही कला आहे, आणि ती मराठी माणसाच्या स्वभावाच्या थेट विरुद्ध जाते. कारण यात ‘का’ विचारता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली सांगून टाकलं की माहिती म्हणजे जे नोंदीत आहे ते, अमुक एक गोष्ट का केली वा का केली नाही याचं समर्थन म्हणजे माहिती नव्हे. आम्ही तर सकाळच्या दुधवाल्यापासून ‘का हो?’ने सुरुवात करणारी माणसं. नवा कोरा रस्ता दोन महिन्यांत का खोदला, हा प्रश्न गल्लीतल्या प्रत्येकाने प्रत्येकाला विचारून झालेला असतो. अर्जात तो चालत नाही. भाऊसाहेब तो असा लिहितात: ‘सदर रस्ता खोदण्यास दिलेल्या परवानगीची प्रत, परवानगी घेणाऱ्या यंत्रणेने भरलेल्या शुल्काच्या पावतीची प्रत, व रस्ता पूर्ववत करण्याच्या आदेशाची प्रत मिळावी.’ तीन प्रती आल्या की ‘का’ आपोआप कळतो. एक जरी आली नाही तर जास्तच कळतो.

दुसरी अडचण शब्दांची. महाराष्ट्राने २०१२ साली नियम केला की अर्ज एकाच विषयाचा असावा आणि साधारण १५० शब्दांत बसावा. ज्या शासनाचं नुसतं ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ अर्धं पान खातं, त्याने शब्दांचा हिशेब मागावा! आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी बागेतल्या बंद दिव्यांविषयी अर्ज लिहिला. तो शिवकालातल्या लोकाभिमुख कारभारापासून सुरू होत होता. दुसऱ्या पानाच्या अखेरीस स्वातंत्र्य मिळालं. दिवे चौथ्या पानावर. भाऊसाहेबांनी लाल पेन घेतलं. बाईंच्या आयुष्यात कुणी त्यांचा निबंध तपासण्याची ती पहिलीच वेळ असावी. महाराज गेले, स्वातंत्र्य गेलं, ‘निर्लज्ज’ आणि ‘गेंड्याची कातडी’ ही विशेषणं बाईंच्या डोळ्यांदेखत गेली. उरलं ते: दिवे देखभालीच्या कंत्राटाची प्रत, देयकांच्या प्रती, बंद दिव्यांबद्दल कंत्राटदाराला केलेल्या दंडाचा तपशील. बाई म्हणाल्या, ‘‘अहो पण यात भावना कुठे आहेत?’’ भाऊसाहेब म्हणाले, ‘‘भावना त्यांना येतील.’’

माहिती का हवी हे मात्र तुम्हाला कुणी विचारू शकत नाही. तसं कायद्याच्या कलम ६(२) मध्येच लिहिलं आहे. विचारण्याची मुभा नसलेला प्रश्न टेबलापलीकडचा माणूस मग डोळ्यांनी विचारतो, भुवयांनी विचारतो, आणि शेवटी ‘काका, तुमची पेन्शन वगैरे वेळेवर येते ना?’ असा वळसा घालून विचारतो.

उत्तरांची भाषा हा एक स्वतंत्र प्रांत आहे. सगळ्यात आटोपशीर उत्तर ‘निरंक’. मग ‘सदरची माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’. तसं असेल तर तो अर्ज ५ दिवसांत संबंधित कार्यालयाकडे पाठवायचा असतो, आणि पाठवतातही. पाणीपुरवठ्याकडून बांधकामाकडे, बांधकामाकडून ड्रेनेजकडे, ड्रेनेजकडून क्षेत्रीय कार्यालयाकडे. आमच्या एका अर्जाने असं सगळं शहर पाहिलं. ‘माहिती व्यापक स्वरूपाची आहे’ म्हणजे खूप आहे, ‘मोघम स्वरूपाची आहे’ म्हणजे मागणारा फारच नेमका आहे. आणि सर्वांत भीषण ते ‘अभिलेख शोध घेऊनही आढळून येत नाही’. भाऊसाहेबांना हे उत्तर मनापासून आवडतं. महाराष्ट्राचा २००५ चाच एक सार्वजनिक अभिलेख कायदा आहे आणि नोंदी गहाळ करणाऱ्याला त्यात कैदेची तरतूद आहे. फाइल हरवल्याबद्दल कोणावर जबाबदारी निश्चित केली त्या आदेशाची प्रत मिळावी, एवढा एकोळी अर्ज गेला की फाइल सापडते. बहुतेक वेळा मूळ कपाटातच.

मग पैशांचं पत्र येतं. पानाला २ रुपये. ‘आपण मागितलेली माहिती २ पृष्ठांची असून रु. ४/- भरावेत’ असं रजिस्टर पोस्टाने कळवलेलं पत्र भाऊसाहेबांनी जपून ठेवलंय. पाकिटावरची तिकिटं चारापेक्षा कितीतरी जास्त रुपयांची. ३० दिवस उलटून गेले तर मात्र माहिती फुकट द्यावी लागते, त्यामुळे एकोणतिसाव्या दिवशी पालिकेच्या झेरॉक्स मशीनला जी धाप लागते ती पाहण्यासारखी असते.

एक तरतूद मात्र माझी लाडकी आहे. माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येत कागदपत्रं पाहणं आणि उतरवून घेणं आहेच, पण साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही आहे. म्हणजे रस्त्याच्या डांबराचा नमुना मागता येतो. भाऊसाहेबांनी मागितला.

कनिष्ठ अभियंता तरुण मुलगा. नोकरीत नवा, नमुना देण्याचा प्रसंग पहिलाच. तो अर्ज हातात घेऊन स्वतः साइटवर आला. ‘‘काका, देतो. पण कशात देऊ?’’ गल्लीत एकदम विचार सुरू झाला. प्लॅस्टिकची पिशवी वितळेल. स्टीलचा डबा कुणी देईना. शेवटी भाऊसाहेबांच्या वहिनींनी लोणच्याची रिकामी बरणी आणून दिली, वर ‘धुतलीय हो’ असंही सांगितलं. पोरांचा घोळका, दोन मजुरांनी टिकाव मारला, ढेपूळ बरणीत पडलं. पुढचा प्रश्न शिक्क्याचा. ‘प्रमाणित’ म्हणजे शिक्का हवा, आणि काचेवर शिक्का उमटत नाही. मग झाकणावर कागद चिकटवून त्यावर सही, हुद्दा, तारीख आणि ‘खरी प्रत’ असा शिक्का मारला. कारण कार्यालयात तेवढाच एक शिक्का होता. सगळ्यांनी बरणी उजेडात धरून पाहिली. खडी दिसत होती, माती दिसत होती. डांबर असल्याचा संशय घ्यायला जागा होती. अभियंत्यानेही बराच वेळ पाहिली. तो पोर प्रामाणिक असावा, कारण त्याचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी रोलर परत आला. नमुना तपासणीला पाठवायची पाळीच आली नाही.

मोजमाप पुस्तिका, बोलीत एमबी, हा तर कादंबरीच्या वरचा प्रकार. केलेल्या कामाची लांबी, रुंदी, जाडी तीत लिहायची आणि त्यावरून कंत्राटदाराचं बिल काढायचं. आमच्या गल्लीच्या एमबीत रुंदी ६ मीटर होती. भाऊसाहेबांनी वाण्याकडून स्टीलचा टेप आणला. एक टोक मुख्याध्यापिकाबाईंनी धरलं, दुसरं इस्त्रीवाल्याने. गल्ली साडेचार मीटर भरली. दोन वेळा मोजली, साडेचारच. उरलेला दीड मीटर रस्ता समोरच्या जोडप्याच्या स्वयंपाकघरातून जात होता. त्यांना डांबरीकरण झाल्याचं कळलंच नव्हतं.

त्याच फाइलमध्ये आम्हाला ‘दोषदायित्व कालावधी’ हा शब्द भेटला. रस्ता केल्यावर ठरावीक वर्षं त्यात काही बिघडलं तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं, असं करारातच लिहिलेलं असतं. आमच्या रस्त्याला तीन वर्षं होती. त्या तीन वर्षांत पालिकेने खड्डे बुजवण्याचं वेगळं बिल दोनदा काढलं होतं. हे कागद एकमेकांना टाचून भाऊसाहेबांनी आयुक्तांना साधं पत्र लिहिलं. माहिती मागितली नाही, दिली. खड्डे पावसाच्या आधी बुजले आणि बिल कंत्राटदाराच्या अनामतीतून वळतं झालं.

हे फाइल बघणं आता तसं सोपंही झालंय. पुणे महापालिकेने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइली पाहू देण्याची पद्धत सुरू केली होती, आणि २०१८ साली राज्य शासनाने ती जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक संस्थांना लागू केली. त्यामुळे सोमवारी दुपारी साहेब हटकून ‘साइटवर’ असतात.

सगळेच अर्जदार भाऊसाहेब नसतात हेही सांगितलं पाहिजे. जीपच्या काचेवर ‘माहिती अधिकार कार्यकर्ता’ असं रंगवून फिरणारे आहेत. अर्ज टाकायचा, बिल्डरला फोन करायचा आणि मग अर्ज विसरायचा, हा त्यांचा धंदा. शेजाऱ्याशी भांडण झालं म्हणून त्याच्या पगाराची, रजेची आणि बदलीची माहिती मागणारे आहेत. हे सगळं ज्याच्या डोक्यावर पडतं तो जन माहिती अधिकारी म्हणजे बहुधा कुणी साहेब नसतो. आपलं नेहमीचं काम सांभाळून हा जादा चार्ज पाहणारा कारकून किंवा अभियंता असतो. उशीर झाला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंड त्याच्या पगारातून, आणि माहिती दडवणारा मात्र वरच्या मजल्यावर. म्हणून भाऊसाहेब पालिकेत जाताना त्या अभियंत्या पोरासाठी आवर्जून चिवड्याची पुडी नेतात. पोच घेऊनच देतात असं गल्लीत म्हणतात, पण ती कुचेष्टा.

माहिती मिळाली नाही तर पहिलं अपील त्याच कार्यालयात, दोन दारं सोडून बसणाऱ्या वरिष्ठाकडे. तिथेही नाही तर दुसरं राज्य माहिती आयोगाकडे. २०२३ च्या मध्यावर आयोगापुढे पडून असलेली अपिलं आणि तक्रारी १ लाखाच्या वर होत्या. भाऊसाहेबांचं बागेबाबतचं अपील सुनावणीला आलं तेव्हा बागेच्या जागी वाहनतळ झाला होता आणि अधिकाऱ्यांनी सांगितलं, ‘सदर नावाचे उद्यान अस्तित्वात नाही.’ ते खरंही होतं.

भरीस २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातला वैयक्तिक माहितीचा भाग बदलला. वैयक्तिक माहिती नाकारण्याआधी व्यापक जनहित पाहावं, असं त्या पोटकलमातच लिहिलेलं होतं, ते गेलं. आता कंत्राटदाराचं नाव हीसुद्धा त्याची खाजगी बाब आहे असं उत्तर येऊ शकतं. कलम ८(२) शाबूत आहे. जनहिताचं पारडं जड असेल तर माहिती द्यावी, असं तिथे अजूनही म्हटलंय. अर्जात त्याचा उल्लेख करायला विसरू नये. तीनच शब्द लागतात, दीडशेत बसतात.

आणि हसत हसत हे लिहिता येतंय, कारण आमच्याकडे मामला झाकणाचा होता. जमिनीचा असता तर वेगळं झालं असतं. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींनी जमिनीच्या व्यवहारांबद्दल विचारलं होतं. १३ जानेवारी २०१० ला ते सकाळी फिरायला बाहेर पडले असताना त्यांचा खून झाला. म्हणून भाऊसाहेब हल्ली एकट्याने अर्ज करत नाहीत. एकाच विषयाचे सात-आठ अर्ज वेगवेगळ्या घरांतून जातात, त्यांतला एक मुख्याध्यापिकाबाईंचा, एक इस्त्रीवाल्याचा. कोणाला धमकवायचं हे ठरेपर्यंत ३० दिवस होऊन जातात.

तुमच्या दारासमोरचा रस्ता गेल्या दोन-तीन वर्षांत झाला असेल तर येत्या सोमवारी दुपारी ३ वाजता ओळखपत्र घेऊन पालिकेत जा आणि त्याचा करार काढायला सांगा. दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख लिहून घ्या. त्या तारखेपर्यंत खड्डा कंत्राटदाराचा असतो, दुसऱ्या दिवसापासून तुमचा.